फोर बाय फोर गाडी धरते कशाने? आधी तपासा, मग खोला

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये आम्ही बसलो होतो. गॅरेजचे मालक सत्तरीचे, सारे त्यांना चाचा म्हणतात. तेवढ्यात गगनबावड्याच्या बाजूने एक फोर व्हील ड्राइव्ह जीप आली. गाडीचा मालक आपल्याच समाजातला तरुण होता. बेकरीचा माल घेऊन घाटमाथ्याच्या वाड्या-वस्त्यांवर फिरणारा. त्याचा चेहरा उतरलेला होता. गाडी वीस-पंचवीसच्या वेगाला थरथरते, वळणावर धरते आणि डिझेल जास्त खाते, ही त्याची तक्रार. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ट्रान्सफर केस खोलून नवी बेअरिंगे आणि गिअर टाकावे लागतील असे सांगून बावीस हजारांचा अंदाज दिला होता. उधारी करावी की गाडी विकावी, असा त्याच्यापुढे प्रश्न होता.

चाचांनी पाना हातात घेतला नाही. स्टूल पुढे सरकवून त्याला बसवले आणि विचारले, "भाई, गाडी जास्त धरते ती पावसात की उघडीप असताना?" तरुण विचारात पडला. म्हणाला, "चाचा, आता तुम्ही विचारलं म्हणून आठवतंय. पाऊस उघडून रस्ता वाळला की गाडी जड होते."

"आणि पुढचे टायर नवे कधी टाकलेत?"

"बकरी ईदच्या आधी. मागचे अजून चालतील म्हणून ठेवलेत."

चाचा हसले. आमच्याकडे वळून म्हणाले, "अर्धी गाडी तपासून झाली."

ते अर्धे निदान कसे झाले आणि उरलेले कसे करायचे, हे आमच्या कारागीर बंधूंना आणि गाडी बाळगणाऱ्या व्यापाऱ्यांना सांगावे म्हणून हा लेख. गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग या धंद्यांत आपले पुष्कळ लोक आहेत. जुन्या उस्तादांना या गोष्टी हाताने कळतात. नव्या पोरांना त्यामागचे गणित कोणी सांगत नाही.

मुळात गाडी धरते का?

जुनी जीप, जिप्सी, थार अशा बहुतेक गाड्यांत फोर व्हील हा गरजेपुरता वापरायचा प्रकार आहे. लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना पक्के बांधून टाकते. दोन्ही शाफ्टना सारखेच फेरे घ्यावे लागतात. डावे-उजवे चाक कमी-जास्त फिरू देण्यासाठी प्रत्येक ॲक्सलमध्ये डिफरन्शियल असते. पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये तशी सोय या गाड्यांत नसते.

आता वळणाचा हिशेब पाहू. जुन्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर दोन मीटरच्या आसपास असते. गाडी गोल फिरवताना मागच्या ॲक्सलचा मध्य साडेचार मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालला, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य जवळजवळ पाच मीटर त्रिज्येवर चालतो. एका पूर्ण फेरीत मागची चाके सव्वाअठ्ठावीस मीटर जातात, पुढची एकतीस मीटर. म्हणजे पुढच्या चाकांना पावणेतीन मीटर जास्त जायचे असते आणि शाफ्ट तर बांधलेले. हा फरक जाणार कुठे? चिखलात, ओल्या मुरुमात टायर थोडा घसरतो आणि फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. मग शाफ्ट, क्रॉस, क्राऊन-पिनियन यांना पीळ बसतो. सुतळीला पीळ द्यावा तसा. गाडी बांधल्यासारखी होते, स्टिअरिंग जड होते, कुठेतरी एक चाक मध्येच घसरून सुटते आणि 'धडक्' असा आवाज येतो. हा गाडीतला बिघड नव्हे. ते वापरणाऱ्याचे चुकलेले असते.

आमच्या बेकरीवाल्या भाईंनी पावसात पकड राहावी म्हणून जूनमध्ये लिव्हर टाकला होता, तो पुन्हा काढलाच नव्हता. मध्ये एकदा काढायचा प्रयत्न केला तर निघाला नाही. निघणारही नव्हता, कारण पीळ बसला की गिअरचे दाते एकमेकांवर दाबून बसतात. अशा वेळी लिव्हरवर हातोडी चालवू नये. गाडी सरळ ठेवून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्यावी, पीळ उलगडतो आणि लिव्हर बोटाने निघतो. चाचांनी तेच केले.

पीळ आहे की नाही, हे पाहण्याची आणखी एक खूण आहे. गाडी फोर व्हीलमध्ये असताना पुढचे एक चाक जॅकवर उचलले आणि जमीन सुटताच चाक आपोआप झटक्याने फिरले, तर पीळ होता असे समजावे. मात्र हे करताना चाकाजवळ हात किंवा तोंड नेऊ नये आणि बाकीच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात घालू नये.

खडू आणि टेप

पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले, हे फोर व्हील गाडीत किती महागात पडते याची बहुतेक मालकांना कल्पना नसते. चाचांनी पोराकडून खडू मागवला. पुढच्या टायरवर आणि त्याखाली फरशीवर रेघ मारली, गाडी हळूहळू ढकलत चाकाचे पाच फेरे करवले आणि टेपने मोजले. पुढच्या चाकाचे अंतर अकरा मीटर पाच सेंटिमीटर भरले. मागच्या चाकाचे दहा मीटर सत्तर. एका फेऱ्याला सात सेंटिमीटरचा फरक.

सात सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण एक किलोमीटर जायला नव्या टायरला साडेचारशेच्या थोडे वर फेरे लागतात, झिजलेल्याला त्याहून सुमारे पंधरा जास्त. ॲक्सलचे गुणोत्तर पाचाला एक धरले, तर शाफ्टवर हा फरक पंचाहत्तर फेऱ्यांचा होतो, तोही दर किलोमीटरला आणि अगदी सरळ रस्त्यावर. कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढ्या वाटेत चाकांचे आठशेवर फेरे कोणाला तरी घसरून भरून काढावे लागतात. टायर झिजतात, डिझेल जाते आणि एक दिवस क्रॉस तुटतो. ज्या मालकाने दोन टायरचे पैसे वाचवले, त्याने ते असे भरले. नव्या प्रकारच्या गाड्यांत, जिथे चारही चाकांना जोर आपोआप वाटला जातो, तिथे सुद्धा वेगवेगळ्या मापाचे टायर चालत नाहीत. तिथला क्लच जळतो आणि तो खर्च जीपच्या क्रॉसपेक्षा फार मोठा असतो.

पाच फेरे मोजण्याचे कारण एवढेच की एका फेऱ्यात टेपची चूक लपते. मोजण्यापूर्वी चारही टायरमध्ये हवा सारखी भरून घ्यावी, नाहीतर मापाला अर्थ नाही. एखाद्या गाडीला मागचे क्राऊन-पिनियन भंगार बाजारातून बदलून टाकलेले असेल तर दात मोजावेत. पुढच्या-मागच्या गुणोत्तरात फरक राहिला, तर टायर कितीही सारखे असोत, गाडी धरणारच. जुन्या जीप जोडून विकणाऱ्यांकडून घेतलेल्या गाडीत हे आधी पाहावे.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या देशात जीप रुजवणारी कंपनी १९४५ साली सुरू झाली, तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. जीपच्या खाली पडून आयुष्य काढलेल्या आमच्या कितीतरी मिस्त्रींना हे ठाऊक नसते.

धक्का मोजता येतो का?

लिव्हर काढून गाडी टू व्हीलमध्ये आणल्यावर धरणे गेले. थरथर मात्र थोडी राहिली. म्हणजे बिघाड दोन होते. एक कारण सापडले की तपास थांबवायचा, ही सवय आपल्या धंद्यात फार आहे. तिथेच गिऱ्हाईक परत येते.

चाचांनी गाडी रस्त्यावर घेतली, आम्ही शेजारी बसलो. वीसच्या वेगाला त्यांनी न्यूट्रल केले. थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन, क्लच आणि इंजिन फाउंडेशनचे रबर यांच्यावरचा संशय गेला. थरथर फक्त क्लच सोडताना, गाडी उठतानाच येत असती, तर क्लच प्लेटला तेल लागले आहे का, फाउंडेशन फाटले आहे का हे पाहिले असते.

मग ते म्हणाले, "धक्का मोजून बघा." आम्हाला मोजता येईना. नुसती बारीक थरथर. त्यातच उत्तर होते. वीसच्या वेगाला जीपचे चाक सेकंदाला अडीच फेरे घेते. वाकलेला रिम, टायरला आलेला फुगा, एका जागी घासलेला टायर यांचा धक्का चाकाच्या फेऱ्याला एकदा येतो, म्हणून तो 'धप धप' असा मोजता येतो. शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला बारा-तेरा फेरे घेत असतो आणि खराब क्रॉस एका फेऱ्यात दोनदा हिसका देतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस. ते मोजता येत नाहीत, बुडाला नुसते जाणवतात. मोजता येणारा धक्का चाकाचा आणि न मोजता येणारी थरथर शाफ्टची, ही खूण पोरांनी पाठ करावी.

कमी वेगाच्या थरथरीवर पुष्कळ लोक आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घेतात. तो पैसा बहुधा वाया जातो. तोल बिघडलेल्या चाकाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीला जे हात थरथरवते, ते वीसला त्याच्या सोळाव्या हिश्शाइतके असते. वीसला गाडी थरथरत असेल तर क्रॉस, शाफ्टचा कोन, टायर, रिम किंवा ब्रेक यांतच शोधावे.

क्रॉसचे काम असे आहे. शाफ्ट कोनात फिरू लागला की एक क्रॉस एकसारखी गती पुढे देत नाही. अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याला ती वाढते आणि कमी होते. दहा अंशांच्या कोनात ही वध-घट दीड टक्क्याची असते, वीस अंशांत सहा टक्क्यांची. म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस असतो. पहिल्याने केलेली चूक दुसरा भरून काढतो. मात्र त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. शाफ्ट काढून पुन्हा बसवताना स्प्लाइनचा एखादा दात जरी इकडे-तिकडे झाला, तरी भरपाई बिघडते आणि नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. मग मिस्त्री म्हणतो क्रॉस डुप्लिकेट निघाला. शाफ्ट काढण्यापूर्वी पंचने किंवा रंगाने दोन्ही भागांवर एक खूण करून ठेवली, तर हा घोटाळा होत नाही. एक मिनिटाचे काम आहे.

गाडी उंच करण्याची हल्ली हौस आली आहे. लांब शॅकल आणि जादा पाटे टाकून थार किंवा जुनी जीप उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो. अशी गाडी आली तर प्रथम विचारा, उंच केल्यापासून थरथर सुरू झाली का? ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकाशी साधा क्रॉस असतो, त्या फोर व्हीलमध्ये पूर्ण वळवल्या की स्टिअरिंग थोडे हलणारच. तिशीच्या कोनात गती तेरा-पंधरा टक्क्यांनी वर-खाली होते. तिथे बदलण्यासारखे काही नसते. गोळ्यांचा जॉइंट असलेल्या गाडीत मात्र वळताना 'टक टक' आवाज आला तर जॉइंट झिजला आहे, आणि बहुतेक वेळा त्याचे रबरी बूट आधीच फाटलेले सापडते.

गॅरेजमध्ये परतल्यावर चाचांनी गाडी स्टँडवर घेतली. मागच्या शाफ्टच्या क्रॉसच्या टोपीभोवती बॅटरीचा उजेड टाकला आणि आम्हाला बोलावले. टोपीच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसत होती. ग्रीस संपून आतल्या सुया गंजल्या की ही भुकटी बाहेर येते. शाफ्ट हाताने हलवून खेळ जाणवला नाही तरी भुकटी दिसली की क्रॉस गेला असे समजावे, कारण गंजून जाम झालेल्या क्रॉसमध्ये खेळ नसतोच. पावसात पाण्यातून जाणाऱ्या गाडीला दर पंधरा दिवसांनी ग्रीस मारायला हवे. जुन्या जुगाडात निप्पल चिखलाने बुजलेला असतो आणि ग्रीस बाहेरच सांडते. निप्पल पुसून पाहा, चारही टोप्यांतून जुने ग्रीस डोकावले तरच ते आत गेले.

ब्रेकची पारख

गाडी टू व्हीलमध्ये असूनही धरत असेल, तर ब्रेक पाहावेत. सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, गाडी आपोआप थांबू द्या आणि उलट्या हाताने प्रत्येक हबजवळ ऊब तपासा. थेट ड्रमला हात लावू नये, पाण्याचा थेंब टाकून पाहावे. एकच चाक तापले असेल तर तिथला व्हील सिलिंडर अडकला आहे, लायनर जास्त घट्ट केला आहे किंवा बेअरिंगचे नट आवळले गेले आहे. चारही तापली असतील तर पेडलला मोकळी चाल आहे का ते पाहा. ती नसेल तर मास्टर सिलिंडर तेल परत घेत नाही.

तापलेले चाक जॅकवर घेऊन ब्लीडिंग निप्पल किंचित सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दोष लायनरचा नाही, तेल आत कोंडले होते. अशा वेळी रबरी होज बदला. जुना होज आतून सुजतो, बाहेरून चांगला दिसतो. पायाच्या जोराने तेल जाते, पण परत यायला वाट राहत नाही. या एका होजपायी लायनरचे दोन-दोन सेट बदललेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. आणि ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल, तर ड्रम अंडाकृती झाला आहे. लेथवर साफ करून घ्यावा. उद्यमनगरात त्यासाठी लांब जावे लागत नाही.

जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तो थोडा जरी लागून राहिला तरी चाके थंड राहतात आणि गाडी मात्र ओढत नाही. चाकेच चाचपणारा मिस्त्री इथे फसतो. त्याच जीपचा मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला, हे विसरून उतारावर गाडी उभी करू नये.

पुरातून आलेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशी गाडी सुरू झाली की मालकाला वाटते, वाचलो. इंजिनचे ऑईल बदलले जाते आणि ॲक्सलकडे कोणी पाहत नाही. गरम डिफरन्शियल गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑईल दुधाळ होते. दोन-चार महिन्यांनी बेअरिंग गंजून घरघर सुरू होते, तोवर पुराची आठवण कोणाला नसते. ओढ्यातून, फरशी पुलावरून पाण्यात गेलेल्या गाडीचेही तेच. दोन्ही ॲक्सल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स यांचे ड्रेन प्लग किंचित सैल करून पाहिले तर पाणी असल्यास आधी पाणीच येते. जुनी गाडी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने सौदा करण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

मजुरी कशाची?

चाचांनी त्या दिवशी दीड तास तपासणीत घालवला. अशा दीड तासाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. पार्ट बदलला तर देते, न बदलता गाडी नीट झाली तर "काय केलंत तुम्ही?" असे विचारते. मग मिस्त्री पार्ट बदलायला शिकतो. माप-तोलातली लबाडी काय असते हे आपल्याला मदरशात लहानपणीच शिकवलेले असते. नको असलेले गिअर बसवणे ही त्याच जातीची लबाडी आहे, पण तिच्यात गिऱ्हाइकाचाही हिस्सा आहे असे आमचे मत आहे. चाचांच्या गॅरेजमध्ये पाटी आहे, 'तपासणीची मजुरी वेगळी.' काढलेला जुना पार्ट ते गिऱ्हाइकाच्या हातात देतात. तो नको म्हणाला तरी देतात. कोणत्या गाडीला काय निघाले हे वहीत लिहून ठेवतात, आणि त्यांच्याकडचा पोरगा दर शुक्रवारी नमाजानंतर ती वही वाचून काढतो.

बेकरीवाल्या भाईंचे बिल झाले एका क्रॉसचे, ग्रीसचे, तपासणीचे आणि शाफ्ट काढ-घालीच्या मजुरीचे. बावीस हजारांच्या दहाव्या हिश्शातही ते आले नाही. मागचे दोन टायर पुढच्या मापाचे घ्यायला सांगून चाचांनी त्यांना सोडले. पंधरवड्याने ते नवे टायर घालून परत आले. खडूने पुन्हा पाच फेरे मोजले. फरक तीन सेंटिमीटर भरला. चाचा म्हणाले, "चालतंय. लिव्हर मात्र घाट उतरला की काढायचा."